परतवारीचा मुलूख

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला आणि हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत या पाच तालुक्यांभोवती महसुली दप्तराने नवी सरहद्द आखली. परंतु ज्या माणसांभोवती ती आखली गेली ती माणसे त्यापूर्वी कित्येक पिढ्या औंढ्याच्या शिवरात्रीला, नर्सीच्या एकादशीला आणि हिंगोलीच्या दसऱ्याला एकत्र येतच होती, आणि आपण एका मुलखाचे आहोत हे जाणण्यासाठी त्यांना कोणत्याही राजपत्राची वाट पाहावी लागली नव्हती. जिल्हा होऊन आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. मराठवाड्याबाहेर हिंगोलीचे नाव निघते ते बहुधा हळदीच्या बाजारभावासंबंधाने, किंवा अलीकडे औंढ्याजवळ उभारल्या जाणाऱ्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेसंबंधाने. येथील उत्सव, गायन, कीर्तन, काव्य आणि नृत्य यांविषयी मात्र, जणू त्या अंगाने हा प्रदेश मुकाच असावा अशा रीतीने, फारसे कोणी बोलत नाही. ही उपेक्षा अनाठायी आहे, असे माझे प्रांजळ मत आहे.

गेल्या पंचवीस वर्षांचा मागोवा घ्यावयास बसले की लेखणी आपोआप मागे, फार मागे जाऊ लागते. आज ज्या रामलीला मैदानावर आकाशपाळणे फिरतात त्या मैदानाची कथा एकोणिसाव्या शतकातल्या लष्करी छावणीत सुरू होते. ज्या कयाधूकाठी आज पालख्या उतरतात तेथली कथा तेराव्या शतकात. आणि या साऱ्या कथांमध्ये एक समान सूत्र सापडते ते असे, की येथेच उगवले आणि येथेच राहिले असे या मुलखात फार थोडे आहे. काही गोष्टी दूरदेशीहून आल्या आणि येथे रुजल्या, काही येथून निघून दूरदेशी थोर झाल्या आणि मग यात्रेकरूंच्या पावलांनी येथे परतल्या. सदैव कोणत्या ना कोणत्या दूरच्या राजधानीच्या अमलाखाली राहिलेल्या, पण वाटेवरच्या माणसाला कधी परका न म्हणणाऱ्या प्रदेशाचे कलाजीवन असेच घडावे, यात आश्चर्य नाही.

दसऱ्यापासून आरंभ करणे उचित होईल. म्हैसूरच्या खालोखाल आपलाच दसरा, असे हिंगोलीकर सांगतात. त्या तुलनेत शिरण्याचे मला प्रयोजन नाही, कारण हिंगोलीच्या दसऱ्याचे मोल कोणाच्या खालोखाल असण्यात नसून तो कोणी सुरू केला आणि कोणी चालविला यात आहे. खाकीबाबा मठाचे मानदासबाबा यांनी १८५५ साली हा उत्सव सुरू केला, असे परंपरा सांगते. खाकी हा रामानंदी बैराग्यांचा एक पंथ, आणि रामानंदी साधू म्हणजे रामकथेचे फिरते भांडार. परंतु भांडार असले तरी ते घेणारे गाव लागते, आणि त्या काळचे हिंगोली हे साधे मराठवाडी गाव नव्हते. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखाली ठेवलेल्या हैदराबाद कंटिन्जंट नामक फौजेची येथे मोठी छावणी होती. याच फौजेच्या खर्चाच्या तनख्यापायी १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत निजामाच्या हातून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. त्या फौजेत उत्तर हिंदुस्थानातील, विशेषतः अवधकडील शिपायांचा भरणा होता. घरदार सोडून शेकडो कोस दक्षिणेत आलेल्या या शिपायाला आश्विनातील शुक्ल पक्ष उजाडला की गावची रामलीला आठवली नसेल असे म्हणवत नाही. आणि छावणीतली ही आठवण व मठातली ही कथा यांची गाठ पडून हिंगोलीचा दसरा रुजला, वाढला, असे मला वाटते.

१९०३ साली ती फौज इंग्रजी सैन्यात विलीन होऊन मोडली. बराकी ओस पडल्या, तोफा गेल्या, घोडी गेली. परंतु पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही वस्त्यांची नावे राहिली, पेन्शन घेऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांची घरे राहिली, आणि दसरा राहिला. पुढे पूर्णेहून हिंगोलीपर्यंत मीटरगेज लोहमार्ग आला, तो वाढत जाऊन अकोला-खंडव्याकडील मार्गास मिळाला, आणि जयपूर-अजमेरकडील गाड्या काचीगुड्याकडे जाताना हिंगोलीच्या फलाटावर थांबू लागल्या. त्यामुळे उत्तरेशी असलेला हा धागा छावणी मोडल्यावरही तुटला नाही.

रामलीलेच्या रात्रीचे रूप ज्याने पाहिले नाही त्याला ते सांगितले पाहिजे. मंचाच्या एका अंगाला व्यास बसलेले असतात, त्यांच्या पुढ्यात तुलसीदासांची पोथी आणि हार्मोनियम, शेजारी ढोलकवाला. मुकुट घातलेली, कपाळावर चंदनाच्या रेघा आणि चमकीचे ठिपके रेखलेली राम-लक्ष्मणांची ‘स्वरूपे’ आसनावर येऊन बसली की प्रथम त्यांची आरती होते, कारण त्या क्षणापासून ते नट राहत नाहीत अशी प्रेक्षकांची श्रद्धा असते. व्यास चौपाई आळवतात, तिचा शेवटचा सूर हवेत असतानाच पात्र तिचा अर्थ बोलीत सांगू लागते, आणि समोर सतरंजीवर, पोत्यावर, चपला उशाला घेऊन बसलेली खेड्यापाड्यातली मंडळी, ज्यांच्या घरात दिवसभर मराठी आणि बाजारात दख्खनी बोलली जाते, ती अवधीतला रामविलाप ऐकून डोळे पुसतात. भाषा कळली की नाही हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही. शेंगा फोडण्याचा आवाज सीताहरणाच्या प्रसंगी थांबतो आणि हनुमंताने लंकेत उडी घेतली की लहान मुले उभी राहतात. दशमीला पन्नास फुटांच्या घरातल्या रावणाचे दहन होते, तेव्हा मैदानात पाऊल ठेवायला जागा उरत नाही.

पंचवीस वर्षांत या उत्सवाचे दोन भाग दोन वेगवेगळ्या गतींनी वाढले. ज्याला लोक ‘प्रदर्शनी’ म्हणतात तो भाग, म्हणजे पाळणे, खेळण्यांची आणि कपड्यांची दुकाने, शेती-औजारांची मांडणी, खाद्यपदार्थांच्या ओळी, हा अतोनात फोफावला. मंचावरचा भाग आहे तेथेच राहिला, आणि क्वचित त्याच्या शेजारच्या ध्वनिक्षेपकांनी तो झाकला गेला. दुकानदाराच्या पोटावर पाय यावा असे कोणी म्हणणार नाही, कारण जत्रा ही बाजारावाचून कधीच उभी राहिलेली नाही. परंतु ज्या कथेच्या आधारावर हा बाजार भरतो त्या कथेला रात्रीचे तीन तास तरी शांतता मिळावी, एवढे मागणे रास्त आहे, आणि ते मी येथे आग्रहाने नोंदवितो.

दसऱ्याच्या थोडेच दिवस आधी, अनंत चतुर्दशीला, याच शहरातील गड्डेपीर गल्लीतल्या विघ्नहर्ता चिंतामणी गणपतीपुढे नवसाचा मोदक घेण्यासाठी रांगा लागतात. मोदक घरी नेऊन ठेवावयाचा, मनोरथ सफल झाला की पुढल्या वर्षी मोदकांचा नवस फेडावयाचा, असा शिरस्ता आहे. शेजारच्या जिल्ह्यांतून माणसे आदल्या रात्रीच येऊन रांगेत बसतात आणि रात्रभर गल्लीगल्लीत भजनी मंडळी जागी असतात. गणपतीच्या गल्लीला पिराचे नाव असणे हे येथे कोणाला नवलाचे वाटत नाही, आणि तेच खरे.

औंढ्याचे नागनाथ मंदिर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. काळ्या पाषाणाचे, यादवकालीन घडणीचे हे देवालय खालच्या अंगाने पाहावे आणि वरच्या अंगाने पाहावे तर दोन निराळ्या युगांचे वाटते: तळाशी हत्तींच्या, देवदेवतांच्या, सुरसुंदरींच्या मूर्तींचे दाटीवाटीने कोरलेले थर, आणि वर उत्तरकालीन जीर्णोद्धाराचे चुनेगच्ची शिखर. मंदिराचा विध्वंस आणि पुनर्निर्माण यांचा इतिहास त्या सांध्यावरच लिहिलेला आहे, तो वाचण्यासाठी ग्रंथाची गरज नाही. गाभारा सभामंडपाच्या पातळीखाली आहे. अरुंद वाटेने वाकून उतरावे लागते, आणि एवढ्या कोरीव वैभवातून चालत आलेल्या माणसाला शेवटी एका लहानशा, उकाड्याच्या, समईच्या उजेडाच्या जागेत नेऊन सोडण्याची ही रचना ज्या शिल्पज्ञाने योजिली त्याला भक्तीचे मर्म कळले होते, असे मला नेहमी वाटते.

या मंदिराच्या दोन कथा सर्वांना ठाऊक आहेत. गोरोबाकाकांनी ‘कच्चे मडके’ ठरविलेला नामदेव गुरूच्या शोधात येथे आला, तेव्हा विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले त्याला दिसले. आणि नामदेवाचे कीर्तन दारापुढून हटविले गेले असता तो मागील बाजूस जाऊन गाऊ लागला, तेव्हा देऊळच त्याच्याकडे फिरले. नंदी मंदिराच्या पाठीमागे आहे, त्याचे कारण लोक हेच सांगतात. इतिहासाच्या कसोटीला कथा उतरो वा न उतरो. ज्या मुलखात गाणाऱ्याकडे देऊळ तोंड फिरविते अशी कथा शतकानुशतके सांगितली जाते, त्या मुलखाने कलेला कोणते स्थान दिले असेल ते या एका कथेवरून कळते. महाशिवरात्रीची यात्रा आणि तिच्यानंतर पाचव्या दिवशी होणारा रथोत्सव हे औंढ्याचे मुख्य सोहळे. त्या दिवसांत मंदिराच्या परिसरात भारूड, भजन, गोंधळ, वासुदेव, हे सारे एकाच वेळी चाललेले असते, आणि अनोळखी भजनी मंडळांनी एकमेकांचा ठेका उचलून घ्यावा व उत्तररात्री दोन गावांचे मिळून एक मंडळ व्हावे, हे अशा यात्रांतून सहज घडते.

आता नर्सी. हिंगोलीपासून जवळच, कयाधू नदीच्या काठी वसलेले हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वारकऱ्यांच्या आणि शिखांच्याही श्रद्धेत स्थिर झालेले आहे. १२७० ते १३५० हा नामदेवांचा काळ. ते पंढरपुरास राहिले, ज्ञानदेवांच्या संगतीत तीर्थयात्रेस निघाले, आणि आयुष्याचा मोठा काळ उत्तरेत, पंजाबात घालवून तेथील घुमान गावी कायमचे पूजनीय झाले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट आहेत. कयाधूकाठी जन्मलेल्या माणसाचा शब्द पाच नद्यांच्या प्रदेशातील धर्मग्रंथात जाऊन बसावा, हा भारताच्या वाङ्मयीन इतिहासातील एक विलक्षण योग आहे, आणि त्याची जाणीव आपण मराठी माणसांनी पुरेशी ठेवली आहे असे मला वाटत नाही. शीख बांधवांनी मात्र ठेवली. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यास येणारे यात्रेकरू वाट वाकडी करून नर्सीस येतात. येथे गुरुद्वारा उभा आहे, आणि एकाच गावात एका बाजूने टाळमृदंगाचा आणि दुसऱ्या बाजूने तबला-पेटीवरील शबदकीर्तनाचा ध्वनी यावा, व दोन्हींकडे तोच एक कवी गायिला जावा, असे दृश्य महाराष्ट्रात अन्यत्र फारसे पाहावयास मिळत नाही.

नर्सीचा मुख्य मेळा आषाढ वद्य एकादशीचा, म्हणजे परतवारीचा. आषाढ शुद्ध एकादशीला पंढरपुरी विठ्ठलाचे दर्शन घेऊन परतणारे या भागातील वारकरी गावी जाण्यापूर्वी नर्सीस येऊन नामदेवांच्या पायी माथा ठेवतात, आणि तेव्हाच त्यांची वारी पुरी होते. हे पंधरा दिवस पावसाचे. वाटेवर चिखल, डोईवर इरली-पोत्यांच्या खोळी, सोयाबीन आणि कपाशी नुकती वर आलेली, आणि घरी निंदणीची घाई. दिंडी गावात शिरण्यापूर्वी एखाद्या झाडाखाली किंवा शाळेच्या पडवीत थांबते, तेव्हा मृदंगी काय करतो ते जवळून पाहण्याजोगे असते. दमट हवेने चामडे सैलावलेले असते, म्हणून तो आधी उपरण्याने पान कोरडे करतो, वादीखालचे गट्टे लहान हातोडीने ठोकीत एकेक खाली सरकवितो, मधूनच कान लावून थाप मारतो. मग कोणीतरी पुढे केलेल्या पुडीतली कणीक पाण्यात मळून डाव्या पानावर थापतो, थोडी काढतो, पुन्हा लावतो, आणि ज्या क्षणी ‘धूम’ असा भरीव नाद निघतो त्या क्षणी न सांगता टाळकरी उठून उभे राहतात. हा मृदंगी वर्षभर शेतकरी असतो. त्याला हे कोणत्या विद्यालयात शिकविलेले नसते; चुलत्याने, मामाने, नाहीतर गावच्या हनुमंताच्या पारावरच्या एखाद्या वृद्धाने शिकविलेले असते, आणि त्याच्या हाताखाली आज गावातील दोन-तीन पोरे असतात किंवा नसतात, यावर त्या गावच्या दिंडीचे पुढील तीस वर्षांचे भवितव्य अवलंबून असते.

या जिल्ह्याच्या पंचवीस वर्षांत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची दोन अधिवेशने अशी झाली की ती या जिल्ह्यात भरली नसूनही त्यांचा धागा येथवर पोहोचतो. जानेवारी २०१४ मध्ये सासवड येथे भरलेल्या ८७ व्या संमेलनाचे अध्यक्ष फ. मुं. शिंदे हे कळमनुरी तालुक्यातील रुपूरचे. आणि एप्रिल २०१५ मध्ये ८८ वे संमेलन सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली भरले ते खुद्द घुमानला, नामदेवांच्या कर्मभूमीत. लागोपाठच्या दोन वर्षांत मराठी वाङ्मयाचा सर्वांत मोठा मांडव या छोट्या जिल्ह्याच्या दोन पुत्रांच्या, एका विद्यमान आणि एका साडेसातशे वर्षांपूर्वीच्या, नावाशी जोडला गेला.

वाङ्मयाचा विषय निघाला म्हणून येथेच सांगितले पाहिजे, की या पाच तालुक्यांनी मराठीला दिलेली माणसे बहुतांशी बाहेर नावारूपाला आली. नरहर कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी कळमनुरी तालुक्यातील नांदापूर येथे झाला. ज्या गावावरून त्यांचे आडनाव आले ते कुरुंदा वसमत तालुक्यात. भरताच्या नाट्यशास्त्राचा इतक्या चिकित्सक बुद्धीने विचार करणारा, संगीतापासून मनुस्मृतीपर्यंत कोणताही विषय वर्ज्य न मानणारा हा विचारवंत नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकविता शिकविता महाराष्ट्राचा झाला. फ. मुं. औरंगाबादेस गेले. वसमत तालुक्यातील रिधोऱ्याचे इंद्रजित भालेराव परभणीस गेले, आणि १९८९ साली आलेल्या ‘पीकपाणी’ या संग्रहाने त्यांनी कुणब्याच्या घरातील बोली, तिच्यातील अवजारांच्या, पिकांच्या, जनावरांच्या नावांसकट, मराठी कवितेत मानाने आणून बसविली. याचे कारण उघड आहे: निजामी राजवटीत शिक्षणाचे माध्यम उर्दू, महाविद्यालये दूर, आणि त्या राजवटीतून मुक्त झाल्यावरही पुष्कळ वर्षे उच्च शिक्षणासाठी नांदेड, परभणी वा औरंगाबादेचीच वाट धरावी लागे. गेलेली माणसे गावाला विसरली नाहीत. भालेरावांची कविता तर जणू गावातच राहते. परंतु नांदापूर, कुरुंदा, रुपूर आणि रिधोरा ही चार गावे एका दिवसाच्या प्रवासात पाहून येण्याजोगी आहेत, हे शाळेतील मराठीच्या किती शिक्षकांच्या मनात येत असेल? मुलांना वेरूळ-दौलताबादेच्या सहलीला अवश्य न्यावे. पण ज्याची कविता पाठ्यपुस्तकात आहे त्याच्या गावची पांदण मुलांनी एकदा चालून पाहिली तर ती कविता शिकवावी लागणार नाही.

निजामी अमलाचा उल्लेख झाला, त्याची एक बाजू कलेच्या संदर्भात विसरता येत नाही. गश्ती निशाण ५३ या हुकमाने सभा-संमेलनांवर कडक निर्बंध होते, आणि जेथे सभेला परवानगी नाही तेथे कीर्तनाला, भजनाला, गणपतीच्या मेळ्याला जे महत्त्व येते ते येथेही आले. देवाच्या नावाने जमलेल्या मेळाव्यात देशाचे दोन शब्द बोलले जात. वसमत तालुक्यातील वापटीचे बहिर्जी शिंदे निजामी राजवटीविरुद्धच्या मुक्तिलढ्यात हुतात्मा झाले आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात आले. मुक्तिसंग्रामाचे पोवाडे गाणारे शाहीर एकेकाळी या बाजूला पुष्कळ होते; आता १७ सप्टेंबरचा दिवस झेंडावंदनाने आणि भाषणांनी साजरा होतो, आणि पोवाडा ऐकू आलाच तर तो ध्वनिमुद्रित असतो. पुढील पिढीतील शाहिरीचा खरा वारसा चालविला तो आंबेडकरी जलशांनी. वामनदादा कर्डकांची गाणी मराठवाड्याच्या वाडीवस्तीवर ज्या वेगाने पोहोचली त्याला तोड नाही, आणि आजही १४ एप्रिलच्या आसपासच्या रात्री गावोगाव भीमगीतांचे कार्यक्रम होतात, तेव्हा स्वतः रचणारे, स्वतः चाल लावणारे, स्वतः गाणारे तरुण जितके आढळतात तितके अन्य कोणत्याही प्रकारात आढळत नाहीत. नवनिर्मिती हा जर कलेच्या जिवंतपणाचा निकष मानला, तर या जिल्ह्यातील सर्वांत जिवंत कला ही होय.

सेनगाव, औंढा आणि कळमनुरी या तालुक्यांच्या माळरानावर बंजारा समाजाचे तांडे आहेत. मीठ-धान्याच्या गोण्या बैलांच्या पाठीवर लादून देशभर फिरणारा हा समाज येथे स्थिरावला, पण त्याची गाणी स्थिरावली नाहीत. ती गोरबोलीतच राहिली, आणि तिची स्वतंत्र लिपी नसल्यामुळे केवळ कंठावर जगली. श्रावणातली तीज हा तांड्यातील कुमारिकांचा उत्सव. नायकाची परवानगी घेऊन मुली वारुळाची माती आणतात, ती लहान दुरड्यांत भरून तीत गहू पेरतात, आणि नऊ दिवस सकाळ-संध्याकाळ गाणी म्हणत त्यांना पाणी घालतात. कोवळे, पिवळसर पोपटी अंकुर वीतभर वाढले की तीज उंच आली असे म्हणून त्यावरून सुखसमृद्धीचे अनुमान बांधतात. विसर्जनाच्या दिवशी हे अंकुर खुडून आप्तांना वाटतात, आणि पुढल्या वर्षी सासरी जावयाच्या मुलीचा निरोपही तेव्हाच गाण्यातून घेतला जातो. होळीला याच तांड्यात डफाच्या तालावर लेंगी गाइली जाते, वर्षभरात जन्मलेल्या मुलग्याच्या ‘धुंड’चा समारंभ होतो, स्त्रिया आणि पुरुष दोन बाजूंनी गाण्यातून एकमेकांना आव्हान देतात. मात्र दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कारखान्यांकडे गेलेली कुटुंबे फाल्गुनापर्यंत परतली तरच तांड्यात होळी होते; गळीत लांबले की डफ आढ्याला टांगलेलाच राहतो. कलेचे भवितव्य साखर कारखान्याच्या पट्टा पडण्यावर अवलंबून असावे, ही वस्तुस्थिती सांस्कृतिक धोरण लिहिणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. कळमनुरी भागातील आंध आदिवासींची दिवाळीतली दंडार, कळमनुरीच्या नुरी बाबांच्या उरुसातील कव्वाली, मोहरमच्या सवाऱ्यांपुढे नवस बोलणारी कुणब्यांची घरे, यांतील प्रत्येकावर स्वतंत्र लेख व्हावा. येथे केवळ निर्देश करून थांबतो.

जिल्हा झाल्यापासून सरकारी आश्रयाने होणाऱ्या उपक्रमांची भर पडली हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. ग्रंथोत्सव होतात, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवातून खेड्यातील महाविद्यालयांची मुले एकांकिका आणि लोकनृत्ये घेऊन जातात, आणि शिवराज्याभिषेकाच्या ३५० व्या वर्षानिमित्त २०२४ च्या आरंभी राज्यभरातील जिल्ह्यांत महासंस्कृती महोत्सव झाले. अशा महोत्सवांत बहुधा संध्याकाळचा मुख्य प्रहर मुंबई-पुण्याच्या नामांकित कलावंतांना जातो आणि स्थानिक गोंधळी, भारूडकार यांना आरंभीचा, खुर्च्या भरण्यापूर्वीचा वेळ मिळतो. हे उलट व्हावयास हवे. पाहुण्याला मान द्यावाच, पण यजमानाच्या घरातील गाणे आधी, भरल्या सभेत, पूर्ण मानधनासह व्हावे. ज्या कलावंताला जिल्ह्याच्या मंचावर मानाचे स्थान मिळाले त्याचा मुलगा ती कला सोडताना दोनदा विचार करील.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत महासाथीमुळे यात्रा, दिंड्या, मेळे सारे थांबले. नामदेवांच्या जन्माची साडेसातशे वर्षे नेमकी २०२० मध्ये पूर्ण झाली, आणि ज्या प्रसंगासाठी पंजाबपासून पंढरपूरपर्यंतचे भाविक नर्सीत जमावयाचे तो प्रसंग मोजक्या माणसांत पार पडला. हानी केवळ भक्तांची झाली नाही. टाळ-मृदंग दुरुस्त करणारे, पाळणेवाले, रेवड्या-बत्तासे विकणारे, डफ मढविणारे यांचे दोन हंगाम बुडाले, आणि त्यांपैकी काहीजण परत या व्यवसायात आलेच नाहीत. वयोवृद्ध गायक-गायिकांपैकी जे त्या काळात गेले त्यांच्याबरोबर किती ओव्या, किती चाली, किती लेंगी गेल्या याची मोजदाद करणे आता अशक्य आहे.

म्हणून जे उरले आहे ते नोंदवून ठेवण्याचे काम तातडीचे आहे, आणि ते फारसे खर्चाचेही नाही. हल्ली प्रत्येक तरुणाच्या खिशात ध्वनी आणि चित्र मुद्रित करणारे यंत्र असते. महाविद्यालयातील मराठी विभागांनी प्रत्येकी दहा-बारा गावे वाटून घ्यावीत, विद्यार्थ्यांनी आपापल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या, तांड्यातील तीजेची गाणी, दंडारीचे बोल, भारुडांचे पाठ गाणाऱ्याच्या नावासह व गावासह टिपावेत, आणि त्यांची एक प्रत जिल्हा ग्रंथालयात जमा करावी. दसऱ्याच्या संबंधाने तर याहून निश्चित असे काम हाती घेता येईल. मठात, मारवाडी पेढ्यांच्या वह्यांत, जुन्या छापखान्यांच्या गठ्ठ्यांत आणि पेन्शनपुऱ्यातील कुटुंबांच्या पेट्यांत या उत्सवासंबंधी जे कागद असतील, ते मोडीत असोत, उर्दूत असोत वा देवनागरीत, ते गोळा करून त्यांची सूची करावी, जुनी छायाचित्रे मिळवावीत, आणि रामलीलेतील जुन्या प्रेक्षकांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. २०५५ साली या दसऱ्यास दोनशे वर्षे पूर्ण होतील. त्याचा साधार इतिहास तेव्हा छापून तयार हवा असेल, तर मोडी आणि उर्दू दोन्ही वाचणारी जी मोजकी माणसे मराठवाड्यात आज हयात आहेत त्यांना येत्या दिवाळीच्या सुटीतच हिंगोलीस बोलावून कामाला आरंभ केला पाहिजे.